इंजिनाची तक्रार



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘यंत्र आणि माणूस’ या विषयावर बोला, असे आम्हांला सांगितले. मोठा विषय दिला की वक्ता लवकरच ढगांत जातो. आम्ही विचार केला, ढगांतच जावयाचे असेल तर विमानाने जावे. म्हणून एकच बेताचा प्रश्न आज घेतला आहे. माणसाने आपल्या हाताने, आपल्या घरी बांधलेले विमान. त्यात रोटरी जातीचे इंजिन. आणि ते इंजिन एके दिवशी अडखळू लागले. आपले गॅरेजवाले म्हणतात तसे ‘मिसिंग’ करू लागले. तर दोष शोधावयाचा कसा?

कामगार चळवळीतल्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आम्ही वैमानिक नाही, पदवीधर इंजिनिअरही नाही. जे सांगणार ते वाचून आणि जाणत्या फिटरांना विचारून जमवलेले आहे. पण या प्रश्नात आम्हांला आमच्याच धंद्यातला एक जुना प्रश्न भेटला. तो कोणता, हे बोलण्याच्या ओघात येईलच.

प्रथम, घरी विमान बांधणे ही काय गोष्ट आहे? अमेरिकेत हा छंद फार रुजला आहे. पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थाने १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात अशा हौशी लोकांची एक संस्था काढली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉश या गावी भरतो आणि आपण वारीला जातो तसे लोक तेथे आपापली विमाने घेऊन येतात. आपल्याकडेही असा माणूस झाला. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

अमेरिकेतला कायदा असा, की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेले असले पाहिजे. विमानावर ‘एक्स्पेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक, हा शब्द ठळक लिहावा लागतो. सुरुवातीचे काही तास ठरवून दिलेल्या हद्दीतच, प्रवासी न घेता उडावे लागते. मान्यताप्राप्त इंजिन आणि पंखा असेल तर साधारणपणे २५ तास, नसेल तर ४०. मोटारीचे इंजिन बसवले, की अर्थातच ४०. आणि आता महत्त्वाची गोष्ट ऐका. ज्याने विमान बांधले, त्याला दरवर्षीची तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळू शकतो. म्हणजे कारागीर तोच, मालक तोच, चालक तोच आणि तपासनीसही तोच. हे ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला येथेच परत यावयाचे आहे.

आता इंजिन. ‘रोटरी’ या शब्दाने विमानाच्या इतिहासात दोन निरनिराळ्या वस्तू ओळखल्या जातात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील सेगॅं बंधूंचे ‘नोम’ इंजिन प्रसिद्ध होते. त्यात सिलिंडरांसकट सगळे इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे आणि वंगणाला एरंडेल लागे. ते आपले इंजिन नव्हे. आपले इंजिन जर्मनीतील फेलिक्स वांकेल याच्या कल्पनेतून निघालेले. वांकेल १९०२ साली जन्मला. तो कोणत्याही विद्यापीठात शिकला नव्हता. तरुणपणी तो हिटलरच्या पक्षात होता, हेही सांगितले पाहिजे. माणसाची बुद्धी आणि माणसाची निष्ठा यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. एन.एस.यू. या कंपनीत १९५७ च्या फेब्रुवारीत त्याचे इंजिन पहिल्यांदा चालले. पुढे त्या कंपनीच्या हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने त्याला आज आपण ओळखतो ते सोपे रूप दिले.

या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नाहीत आणि व्हॉल्व्ह नाहीत. मधोमध थोड्या दबलेल्या लांबट डब्याची कल्पना करा. त्यात फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर फिरतो. रोटरची तीन टोके डब्याच्या भिंतीला सतत घासून असतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात आणि रोटर फिरेल तशा त्या लहानमोठ्या होतात. प्रत्येक खोली आळीपाळीने हवा आणि पेट्रोल ओढते, दाबते, पेटवते आणि धूर बाहेर टाकते. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या दांड्याचे तीन फेरे होतात. म्हणून दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एक धक्का देतो. टोकांवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना टोकाचे सील म्हणू. बाजूंनाही सील असतात. पिस्टनच्या इंजिनात रिंगा जे काम करतात तेच हे करतात.

जपानमधील हिरोशिमाच्या कारखान्याने, म्हणजे आजच्या माझ्दा कंपनीने, १९६१ मध्ये हे तंत्र परवान्यावर घेतले. तेथे केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा चमू कामाला लागला. थोडे तास इंजिन चालले, की डब्याच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पडत. जपानी लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. भिंत घासून गुळगुळीत करून पुन्हा चालवणे सोपे होते. त्यांनी ओरखड्यांनाच प्रश्न विचारला, की तुम्ही ठराविक अंतराने का पडता? तेव्हा कळले, की सील भिंतीवरून सरकताना थरथरतो आहे. सीलची घडण आणि धातू बदलला तशी थरथर बदलली. अखेर १९६७ साली दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. याच कंपनीच्या चार रोटरांच्या गाडीने १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जिंकलेल्या गाडीचे चित्र सर्वत्र दिसते. आम्हांला त्या ओरखड्यांचे महत्त्व अधिक वाटते.

माझ्दाचे १३-बी नावाचे दोन रोटरांचे इंजिन हौशी विमानकारांच्या आवडीचे आहे. प्रत्येक रोटरच्या खोलीचे माप ६५४ घनसेंटिमीटर, म्हणजे दोहोंचे मिळून १३०८. आकाराने लहान, हलणारे भाग थोडे, आणि मोडीत काढलेल्या मोटारीतून स्वस्तात मिळणारे. ते पुष्कळ वेगाने फिरते. पंखा मात्र त्या वेगाने फिरवून चालत नाही, म्हणून मध्ये गिअर बॉक्स घालून वेग कमी करतात. या इंजिनाचा मोठा गुण असा, की बिघाड झाला तरी ते बहुधा एकदम अडकून बसत नाही. अडखळत का होईना, काही काळ फिरत राहते. हा गुण प्राण वाचवणारा आहे. पण ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ असे म्हणणाऱ्याला तोच गुण घातक ठरतो.

आता दोष शोधावयास लागू. पहिला नियम आकाशातला. आकाशात दोष शोधत बसावयाचे नाही, उतरावयाचे. पेट्रोलची टाकी बदलून पाहावी, दुसरा पंप लावावा, ठिणगीची दुसरी व्यवस्था असेल तर तिच्यावर जावे आणि जवळच्या धावपट्टीकडे वळावे. कारण शोधणे हे जमिनीवरचे काम आहे.

दुसरा नियम जमिनीवरचा. चाकांना अडसर लावा, शेपूट दोराने खुंट्याला बांधा आणि पंख्याच्या फेऱ्यात कोणालाही उभे राहू देऊ नका. बंद इंजिनाचा पंखासुद्धा हाताने फिरवताना तो जिवंत आहे असेच समजा. एखादी तार चुकून चालू राहिली असेल, तर तो हात घेऊन जातो.

मग हत्यारे बाजूला ठेवून कागद घ्यावा. केव्हा अडखळते? थंड असताना की तापल्यावर? मंद चालताना की भरवेगात? ठराविक फेऱ्यांवरच की सगळीकडे? हळूहळू सुरू झाले की एका क्षणात? शेवटचे काम या यंत्रावर कोणी, कधी आणि काय केले? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. काल चांगले चालत होते आणि आज चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले ते पाहावे.

यानंतर ठिणगी. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. एक आघाडीचा, एक पिछाडीचा. खरे काम आघाडीचा करतो, पिछाडीचा त्याला मदत करतो. एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून पिछाडीची ठिणगी क्षणभर बंद करा. फेरे थोडे उतरले पाहिजेत. ती चालू करून आघाडीची बंद करा. फेरे अधिक उतरतील आणि आवाज बिघडेल. आणि बंद करूनही काहीच फरक पडला नाही तर? पुष्कळांना त्यात आनंद होतो, की पाहा, किती मजबूत इंजिन! त्याचा खरा अर्थ असा, की ती ठिणगी आधीच मेलेली होती. ज्याच्या गैरहजेरीने खात्यात काही अडत नाही, तो हजेरीपटावर असूनही कामावर नव्हता.

मग चारही प्लग काढून ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे ओळीने ठेवावेत. नाव न लिहिता डब्यात टाकले, की पुरावा गेला. काळा ओला प्लग पेट्रोल जास्त झाल्याचे किंवा ठिणगी न पडल्याचे सांगतो. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसे असेल तर प्लगवर त्याचा राखी थर चढतो आणि ठिणगी त्या थरातून पळ काढते. कॉइलवर संशय असेल तर एका रोटरची कॉइल दुसऱ्याला लावून पाहा. दोष कॉइलबरोबर गेला, तर कॉइल दोषी. दोष जागेवरच राहिला, तर कॉइल निर्दोष. तिला परत जागेवर बसवा आणि पुढे चला. नवे सामान विकत आणण्यापूर्वी ही अदलाबदल करावी. तिला पैसा पडत नाही आणि ती खोटे बोलत नाही.

प्रत्येक रोटरच्या धुराच्या नळीत उष्णता मोजणारी तार असेल तर ती मोठी साक्षीदार. रोटर पेटतच नसेल तर त्याचा धूर थंडावतो. दोनपैकी एकच प्लग काम करत असेल तर जळण सावकाश होते आणि धूर नेहमीपेक्षा गरम निघतो. अडखळणे कानाला एकच वाटते. आकडा त्याचे दोन अर्थ वेगळे करून दाखवतो.

ठिणगी बरी असेल तर पेट्रोल आणि हवा. मंद चालताना अडखळते आणि वेगात सुधारते, असे असेल तर हवा भलत्याच सांध्यातून आत शिरते आहे काय ते पाहावे. इंजिन बंद ठेवून आतल्या नळीत धूर सोडला, की तो फटीतून बाहेर येतो. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांच्या बहुधा दोन फळ्या असतात. पहिली नेहमी चालू, दुसरी वेग वाढल्यावर मदतीला येते. दुसरी फळी कामावर येते त्याच क्षणी इंजिन ठेचकाळत असेल, तर दोष त्या बदलाच्या हिशेबात किंवा दुसऱ्या फळीच्या तुंबलेल्या तोंडात शोधावा. तापल्यावरच अडखळत असेल, तर पेट्रोलची नळी धुराच्या नळीजवळून गेली आहे काय? नळीत पेट्रोलची वाफ झाली, की पंप वाफच ढकलत बसतो.

घरी बांधलेल्या विमानाचा एक खास रोग अर्थिंगचा. मोटारीचा सांगाडा लोखंडी, म्हणून वीज परत जाण्याची वाट सगळीकडे असते. फायबरच्या विमानात ती वाट नाही. प्रत्येक उपकरणाची परतीची तार जाणीवपूर्वक एका जागी आणून घट्ट बांधावी लागते. दांड्याची जागा सांगणारी बारीक तार प्लगच्या जाड तारेला चिकटून नेली असेल, तर खोटा इशारा जातो आणि ठिणगी भलत्या वेळी पडते.

एवढे करून दोष न मिळाला तरच इंजिनाच्या पोटात पाहावयाचे. तेथेही खोलण्यापूर्वी दाब मोजावा. प्लग काढून तेथे दाबमापक लावायचा आणि स्टार्टरने इंजिन फिरवायचे. रोटरच्या तीन बाजूंचे तीन ठोके एकसारखे आले पाहिजेत. तिन्हींतला एकच ठोका दुबळा असेल, तर बहुधा त्या बाजूचा सील गेला. दोन दुबळे आणि एक सशक्त असेल, तर बहुधा टोकाचा सील गेला; कारण एक टोक हे शेजारच्या दोन खोल्यांमधली सामायिक भिंत असते. घराची मधली भिंत पडली, की दोन्ही बिऱ्हाडे उघडी पडतात, तसे हे आहे. सुरू करताना पांढरा धूर, थोडा वेळ अडखळणे आणि पाणी हळूहळू कमी होणे, ही लक्षणे दिसली तर पाण्याच्या सीलवर संशय घ्यावा. इंजिन पूर्वी कधी भलतेच तापले होते काय, हे नोंदवहीत पाहावे.

आणि कधी कधी इंजिन निर्दोषच असते. समजा, इंजिन मिनिटाला ६००० फेरे करते आहे आणि गिअर बॉक्स २.८५ स एक या प्रमाणाचा आहे. म्हणजे पंखा सुमारे २१०० फेरे करतो. इंजिनाचा दांडा सेकंदाला १०० वेळा फिरतो, पंखा सुमारे ३५ वेळा. जाड, संथ हादरा बसत असेल तर पंख्याचा तोल, पात्यांची रेषा, गिअर बॉक्स आणि इंजिनाखालची रबरे तपासावीत. मिसिंग म्हणून इंजिन उघडले आणि दोष पंख्यात निघाला, तर निरोगी माणसाचे पोट फाडल्यासारखे होते.

या साऱ्या खटाटोपात दोन पथ्ये. एका वेळी एकच बदल करावा. चार वस्तू एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारले, तर कोणत्या वस्तूने सुधारले ते कळत नाही आणि खरे कारण विमानातच राहू शकते. दुसरे पथ्य, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी.

या लिहिण्याविषयी आमचा आग्रह कोठून आला, ते सांगतो. एका कारखान्यात एक प्रेस मशीन पॅडल न दाबता खाली येई. चालवणाऱ्याने फोरमनला तीनदा सांगितले, पण तोंडी. चौथ्यांदा मशीन आले आणि त्याची दोन बोटे गेली. चार्जशीट त्यालाच मिळाले, निष्काळजीपणाचे. चौकशीत प्रश्न एकच होता, की चूक कोणाची? मशीन का खाली येते, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आम्ही तो विचारायला लावला, तेव्हा क्लचची झिजलेली चावी बाहेर निघाली. चार्जशीट मागे घेतले गेले. बोटे परत आली नाहीत. तेव्हापासून आमचा परिपाठ असा, की मशीनची तक्रार वहीत लिहावयाची, खाली तारीख घालावयाची आणि कारण सापडल्याचे लिहिल्याशिवाय ती नोंद कोणी बंद करावयाची नाही.

आता विमानाकडे परत येऊ. कारखान्यात निदान दोन बाजू असतात. ‘मशीन चालवा’ म्हणणारा एक आणि ‘चालवणार नाही’ म्हणणारा दुसरा. दोघांचे भांडण होते, आणि त्या भांडणातून पुष्कळ हात वाचतात. घरी विमान बांधणाऱ्याच्या अंगात मालक आणि कामगार एकाच कातडीखाली राहतात. वर्षानुवर्षे रविवार घालवून विमान बांधले आहे. आज आकाश स्वच्छ आहे, मित्र पाहावयास जमले आहेत. काल इंजिन दोनदा ठेचकाळले होते, आज सकाळी मात्र सुरळीत चालले. अशा वेळी आतला मालक म्हणतो, गेले ते, चला. आणि आतल्या कामगाराची बाजू घ्यावयास तेथे कोणी युनियनवाला नसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की अशा माणसाने नकार देणारा एक दुसरा माणूस आधीच नेमून ठेवावा. तो शेजारच्या शेडमधला विमानकार असेल, जुना फिटर असेल, घरची बाईसुद्धा असेल. त्याला विमानातले सगळे कळले पाहिजे असे नाही. त्याने वही उघडून एवढेच विचारावे, की परवाची तक्रार येथे लिहिली आहे, तिचे कारण कोठे लिहिले आहे? उत्तर नसेल तर विमान जमिनीवर राहील, हा करार शांत डोक्याने, उड्डाणाच्या दिवसापूर्वी झालेला असावा. आपोआप गेलेला दोष आपोआप परत येतो, आणि परत येण्यासाठी तो धावपट्टी पाहून जागा निवडत नाही.

येथे बसलेल्यांपैकी फारच थोडे लोक विमान बांधतील. पण गिरणीचा पट्टा, शेतावरचा पंप, चाळीची लिफ्ट, शाळेची बस ही यंत्रे आपल्या गावात रोज चालतात आणि रोज काहीतरी बोलतात. ती चालवणारा माणूस प्रथम ते ऐकतो. ‘आज आवाज वेगळा येतोय’ असे तो म्हणाला, तर त्याला कामचुकार ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे तारीख घालून लिहून घ्या आणि कारण सापडेपर्यंत ते पान उलटू नका. लिफ्टमध्ये आपलीच मुले चढतात आणि बसमध्येही आपलीच मुले बसतात.